बेल वाजवून वळायचं

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लावूनच देवानं पाठवली आहे. नवरा म्हणतो, हिला बस म्हणणं म्हणजे हिला शिवी देणं. तर अशा बाईला करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऐन उन्हाळ्यात घरात कोंडलं होतं. चादर सकाळी धुवायची, वाळली की वाटायचं नीट निघाली नाही, पुन्हा भिजवायची. पंखे पुसले, पंख्यांच्या वरचं छत पुसलं. मोठ्या रस्त्यावरून अँब्युलन्स गेली की हातातलं टाकून मी खिडकीशी, आणि ती कुठे वळते ते ऐकत उभी. त्या दिवसांत अँब्युलन्स सारख्याच जात होत्या, म्हणजे मी सारखी खिडकीशीच होते.

आम्ही कोण ते आधी सांगावं लागतं. आम्ही बेने इस्राएल, मराठी ज्यू. कॉलनीत कोणी आम्हाला पारशी समजतं, कोणी ख्रिश्चन, आणि कोपऱ्यावरचा किराणावाला तर दर ईदेला मला आवर्जून मुबारक देतो; मीही घेते. आजोबा अलिबागकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि रायपूरचे झाले. कोकणातली बोली दोन पिढ्यांत गेली, मले-तुले तोंडात बसलं, आणि आता आमची पोट्टी मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देतात.

शहरात आमची घरं पाच. पूर्वी बरीच होती. काही इस्राएलला गेली, काही ठाण्याला. इथे सिनेगॉग नाही. चौबे कॉलनीतल्या आमच्या घराची बैठक हेच आमचं प्रार्थनाघर. शुक्रवारी संध्याकाळी सोफे भिंतीला सरकवायचे, दिवे लावायचे, की मंडळी जमायची. पुरी प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात आणि आमच्याकडे एरवी दहा भरत नाहीत. भिलाईहून आणि नागपूरहून पाहुणे आले तर सणासुदीला भरतात. तरी जेवढे असतील तेवढे म्हणतात. शेवटी एकमेकांच्या हाताला हात लावायचा आणि तीच बोटं आपल्या ओठांना लावायची, याला आम्ही हातबोशी म्हणतो. करोनाला याहून सोयीची रीत शोधूनही सापडली नसती.

प्रार्थना सांगतात माझे मोठे काका. ऐंशी ओलांडलेले, रेल्वेत गार्ड होते. विधुर, मूलबाळ नाही, म्हणून लग्नानंतर मी आणि नवरा त्यांच्याच घरात राहतो. आमच्या पाच घरांचे पुजारी तेच, पंच तेच, आणि भांडण लागलं तर न्यायाधीशही तेच. मंडळी जमणं बंद झालं तेव्हा काही आठवडे काका शुक्रवारी रिकाम्या बैठकीत एकटेच उभे राहून म्हणायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. जिथे बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं तिथे ते थांबायचे, आणि मला ते थांबणं सहन व्हायचं नाही. मी आतून मोठ्यानं 'आमेन' ओरडायचे.

मग एका गुरुवारी काकांनी पाचही घरांना फोन लावायला सांगितला. म्हणाले, "जमता येत नाही तर नको. पण शेजारी जो एकटा आहे, म्हातारा आहे, ज्याच्या घरी चूल पेटून नाही राहिली, तो आपला. प्रत्येक घरानं आपल्या आजूबाजूचं पाहावं." गुढियारीतल्या घरानं मालधक्क्याजवळची हमालांची कुटुंबं घेतली. शंकर नगरवाल्यांनी एक म्हातारं जोडपं घेतलं, ज्यांची मुलं परदेशात अडकली होती. आमच्या वाट्याला आमची आणि मागची गल्ली आली. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. हाताला काम मिळालं.

पण काकांनी एक अट घातली. दान गुप्त पाहिजे. देणाऱ्यानं घेणाऱ्याचं तोंड पाहायचं नाही, घेणाऱ्याला देणारा कळायला नको. "डबा फाटकाले अडकवायचा, बेल वाजवायची, वळायचं," ते म्हणाले. "मागं पाहायचं नाही."

ही अट काही त्यांच्या मनची नव्हती. आमच्यात असं देणं फार वरचं मानतात. पण काकांना ती का एवढी लागून होती तेही मला माहीत होतं. ते लहान असताना आजोबा आजारानं घरी बसले होते. तेव्हा क्वार्टरच्या मागच्या दारात कोणीतरी पीठ आणि डाळ ठेवून जायचं. कोण ते आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. काका सांगायचे, "म्हणून माझा बाप बाजारातून मान वर करून चालला. ठेवणाऱ्याचं तोंड दिसलं असतं, तर बापानं रस्ता बदलला असता." हे सांगितलं की त्या अटीवर कोणी वाद घालत नसे. मीसुद्धा.

मागच्या गल्लीत शेवटच्या घरात मावशी राहायची. सख्खी नव्हे, सगळी कॉलनीच तिला मावशी म्हणते. भंडाऱ्याकडची, बौद्ध, रेल्वेच्या दवाखान्यात आया होती. नवरा कधीचाच गेलेला, मुलगा पुण्याला. आमच्या घरातली सगळी पोरं तिच्या हाताखालून गेली. मुलगा झाला की आठव्या दिवशी आमच्यात सुंता असते. ती करणारा माणूस मुंबईहून गाडीनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. त्यानंतर पोराला कसं धरायचं, कसं न्हाऊ घालायचं, हे मावशीच पाहायची. तोंडानं फटकळ आणि कोणाकडून चहासुद्धा फुकट न घेणारी. रोज संध्याकाळी पांढरी साडी नेसून विहारात जायची. तोही आता बंद होता.

तर रोज सकाळी मी पोळ्या, एक भाजी आणि नारळाच्या दुधातली आमटी डब्यात भरायचे. मावशीच्या फाटकाला पिशवी अडकवायची, बेल दाबायची आणि झपझप कोपरा गाठायचा. कोपऱ्यावर पोचले की मागे कडी निघाल्याचा आवाज यायचा. तिथे माझी मान जी वळवळायची ती काय सांगू. पण नाही पाहिलं. काकांना शब्द दिला होता.

फोन करायचे, पण तेही घाईघाईत. डब्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं काकांनी बजावलेलं, आणि मी पडले तोंडाळ. जास्त बोलले असते तर निसटलंच असतं. म्हणून, "बरी आहे ना मावशी?" "मस्त आहो." "ठेवू?" "हव, ठेव." एवढंच. पूर्वी हीच बाई फोनवर धरली की भाजी करपेपर्यंत सोडायची नाही.

संध्याकाळी रिकामा डबा फाटकालाच लटकलेला असायचा, आणि तो रिकामा नसायचा. कोणाचं भांडं कोरडं परत करायचं नाही, ही आपल्याकडची जुनी सवय. पहिल्या दिवशी आत तिच्या झाडाची लिंबं होती. मग मूठभर मुरमुरे. मग कैऱ्या. एकदा पुरचुंडीत नुसती साखर. मी काकांना म्हटलं, "तिले माहीत आहे कोण ठेवून राहिलं ते. या कॉलनीत नारळाच्या दुधात आमटी दुसरं कोण करते?"

"तिनं विचारलं का तुले?"

"नाही."

"मग तिले माहीत नाही," काका म्हणाले आणि कैरीला मीठ लावायला घेतलं.

मग एका संध्याकाळी डबा कोरडा आला. घासलेला, पुसलेला, आणि आत काही नाही. मी झाकण दोनदा उघडून पाहिलं. म्हटलं, संपलं असेल घरातलं. बाजार बंद, झाडाची लिंबं किती दिवस पुरणार. दुसऱ्या दिवशीही कोरडा. तिसऱ्या दिवशी मी डब्याचा वास घेतला. राखेनं घासला होता. मावशीच्या घरी राख कुठून येणार? तिच्याकडे गॅस आहे.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अरे यार, तू बस ना जरा. डबा खाली होऊन येतो, म्हणजे जेवते ना ती?" वरकरणी बरोबरच होतं. पण ती राख माझ्या डोक्यातून जाईना. मी फोन लावला. "मस्त आहो," ती म्हणाली. पण 'मस्त' आणि 'आहो' यांच्यामध्ये तिनं श्वास घेतला.

मी काकांकडे गेले. शुक्रवार होता, दुपार कलली होती आणि ते शब्बाथसाठी, म्हणजे संध्याकाळी सुरू होणाऱ्या आमच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, आंघोळीला निघाले होते. मी म्हटलं, "उद्या मी बेल वाजवून तिथंच उभी राहीन."

"काहून?"

"डबा कोरडा येऊन राहिला."

काका थांबले. मग जे बोलले ते मला फार लागलं. "म्हणजे तू देऊन राहिली आणि तिनं परत काय दिलं ते पाहून राहिली? याले दान म्हणते का?"

"असं नाही, काका."

"तसंच आहे. एखादी म्हातारी खाऊन राहिली ते खाऊ दे. तिच्या दारात उभं राहून तिले लाजवायचं काही कारण नाही." आणि त्यांनी न्हाणीघराचं दार लावलं.

त्या संध्याकाळी मी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरले आणि मला आशीर्वादाचा एक शब्द आठवेना. काका बैठकीत म्हणत होते. त्यांच्या थांबण्याच्या जागा आल्या आणि गेल्या, मी आमेन म्हटलं नाही. मला राग आला होता. त्यांचा आला होता, आणि त्यांचं बरोबर असेल तर माझाही. रात्रभर कूस बदलत राहिले.

शनिवारी आमच्याकडे चूल नाही, फोन नाही, कामाला हात नाही. आदल्या दिवशीचं थंड जेवण. काका सकाळी टोपी घालून पुस्तक उघडून बसले, आणि मी त्यांच्या मागून, चपला हातात घेऊन घराबाहेर पडले. आदल्या दिवशी भरून ठेवलेला डबा बरोबर घेतला. मावशीच्या फाटकाला पिशवी अडकवली, बेल वाजवली आणि उभी राहिले. ऊन तेव्हाच चढलं होतं. कडीचा आवाज आला नाही. पुन्हा बेल वाजवली.

शेजारी एक अर्धवट बांधलेलं घर आहे. लॉकडाऊन लागला तेव्हा तिथे कामावर असलेलं एक जोडपं त्यांच्या लहानग्यांसकट तिथेच अडकलं होतं. त्यातली बाई विटांच्या ढिगामागच्या चुलीपासून उठून आली, सवयीनं पिशवीकडे हात नेला, आणि मला उभी पाहून दचकली.

"तुमन देथव का दीदी, ये खाना?" तिनं छत्तीसगढीत विचारलं.

मी म्हटलं, "हां. दाई कहाँ है?"

"दाई बीमार हे. खाय नइ. हमला कहिस, तुमन खा लेव." मग स्वतःच घाबरून म्हणाली, "मैं मना करे रहेंव, दीदी."

मी फाटक ढकलून आत गेले आणि खिडकीच्या जाळीला तोंड लावलं. मावशी खाटेवर होती. डोळे उघडे, श्वास वर-खाली. मला पाहून तिनं पदर तोंडावर ओढला. "जा इथून," ती म्हणाली. "तुले होईन. घरी म्हातारा आहे तुझ्या."

"दार उघडा."

"नाही उघडत. घेऊन जातीन मले. तिथं गेलेलं कोणी वापस येऊन नाही राहिलं."

मी पळत घरी आले. या वयात मी अशी पळाले याचं मलाच नवल. काका पुस्तकावरून मान वर करत होते तोवर मी सगळं सांगून टाकलं, मोठ्यानं, एका दमात, आणि शेवटी ओरडले, "खात नाही ती! केव्हापासून खात नाही, आणि आपण बेल वाजवून पळून राहिलो!"

काकांनी पुस्तक मिटलं. ते उठले, कपाट उघडलं, बंद करून ठेवलेला माझा फोन काढला आणि माझ्या हातात दिला. शनिवारी असल्या वस्तूला हात लावलेलं मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. "लाव," ते म्हणाले. "जिवाचा प्रश्न असला की शब्बाथ मोडायचाच, तसं लिहिलेलंच आहे. उभी काय राहिली? लाव." आणि काठी घेऊन, मास्क नाकावर ओढत, ते मागच्या गल्लीकडे निघाले. मी नको म्हणेपर्यंत फाटकाबाहेर होते.

अँब्युलन्सचा फोन लागला नाही. नवरा गाडी काढायला धावला. मी मावशीच्या घरी पोचले तेव्हा काका तिच्या पायरीवर, भर उन्हात उभे होते.

"तुम्ही काहून आले, गार्डसाहेब?" आतून आवाज आला. "ऐंशीच्या वर गेले ना."

"दार उघड, बाई. नाहीतर मी इथंच बसतो." आणि खरंच ते त्या तापलेल्या पायरीवर बसले.

मग भिंतीला धरत ती आल्याचं ऐकू आलं, आणि कडी निघाली.

दोन दवाखान्यांनी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यात व्हरांड्यातली एक खाट मिळाली, ऑक्सिजन मिळाला. मला आत जाऊ दिलं नाही. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते नवऱ्याला विचारा. त्यानं माझ्याशी बोलणं सोडून दिलं होतं. मजुरांच्या घरी आता डबा मी त्यांच्या नावानं नेत होते. घरी येऊन फरशी पुसायची, फोन पाहायचा, पुन्हा फरशी पुसायची.

काका आजाऱ्यासाठीची प्रार्थना म्हणायला बसले आणि अडले. त्या प्रार्थनेत माणसाचं नाव त्याच्या आईच्या नावासकट घ्यावं लागतं. मावशीच्या आईचं नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तिनं आमची पोरं न्हाऊ घातली, आमच्या बाळंतिणींना शेक दिला, आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. काकांनी मला पुण्याला तिच्या मुलाला फोन करायला लावला. त्यालाही ठाऊक नव्हतं; म्हणाला, "आजीचं नाव? रुकिए, मामा को पूछना पड़ेगा." अर्ध्या तासानं त्यानं नाव कळवलं. काकांनी ते हिब्रू शब्दांमध्ये बसवलं आणि रोज म्हटलं. मी आमेन म्हणत होते.

मावशी परत आली. निम्मी झाली होती, काठी लागत होती, पण आली. मुलाला अजून येता आलं नव्हतं. आठवडाभरानं काका मला म्हणाले, "चाल, भेटून येऊ." मी डबा भरून घेतला. तिच्या ओट्यावर ती खुर्चीत बसली होती; आम्ही फाटकाजवळ उभे राहिलो. मी डबा मधल्या पायरीवर ठेवला आणि सवयीनं मागे सरले.

काकांनी विचारलं, "बाई, काहून सांगितलं नाही आम्हाले? ताप होता, खाणं नव्हतं. एक शब्द बोलायचा होता."

"कोणाले बोलू?" मावशी म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. "तुम्ही होते का तिथं? बेल वाजली का मी दाराशी जात होती. चाल, आज तं कोणी दिसन, दोन शब्द बोलन. कडी काढू पर्यंत गल्ली खाली. या पोट्टीची पाठ तेवढी पाहिली म्या, रोज." माझ्याकडे बोट करून म्हणाली. "आमटी तुमच्या घरची. म्या काय ओळखत नाही? म्हटलं, मी यायले असं काय केलं का तोंड दाखवून नाही राहिले?"

मला रडू आवरेना.

"ताप मंग आला," ती पुढे बोलली. "त्याच्या आधीच मी देऊन राहिली होती डबा त्या बाईले. ते लोक तिथं विटांवर बसून खात होते, लेकरं भांडत होती. मी खिडकीतून पाहत होती. एकटीच्या घशाखाली घास नाही उतरत, गार्डसाहेब. ते खात होते ते पाहून बरं वाटे."

काकांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग मला म्हणाले, "जा, माझं ताट घेऊन ये." काका आमच्या घराबाहेर कधी जेवत नाहीत, आमचं पथ्य असतं, भांडी वेगळी असतात. मी घरी जाऊन त्यांचं ताट आणि एक स्टूल आणलं. फाटकाच्या आत, तिच्यापासून पुरेशा अंतरावर स्टूल ठेवलं. पायरीवरच्या डब्यातलं निम्मं मी त्यांना वाढलं, निम्मं डब्यातच ठेवून मावशीच्या मांडीवर दिलं.

काकांनी आशीर्वाद पुटपुटला, मास्क खाली केला आणि पहिला घास मोडला. मान खालीच. कोणाचं खातं तोंड पाहायचं नाही, हे त्यांच्या अंगातच मुरलं होतं. मावशीनं पोळीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"साहेब," ती म्हणाली, "वर पाहा नं. मी इकडं आहो."

काकांनी मान वर केली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते तिच्याकडे पाहत होते. मग तिनं घास तोंडात घातला.